हाकेला येणारा

ढाण्याला विमानानं न्यायचं ठरलं होतं. म्हस्कूनं ही बातमी मला बारामतीच्या कसब्यातल्या आमच्या घराच्या दारात उभं राहून सांगितली, आणि सांगताना पायातली वहाण अंगठ्यानं उगाच पुढंमागं करत राहिला. म्हस्कू म्हणजे कारखान्याच्या जीपवरचा ड्रायव्हर. माझे यजमान कारखान्याच्या शेतीखात्यात साहेब होते तेव्हा तो त्यांना इंदापूरच्या सगळ्या उसातून फिरवायचा. ते दिल्लीला साखरेच्या कुठल्याशा मोठ्या कचेरीत गेले, तरी हा त्यांचाच माणूस राहिला. “सायबांचा ट्रंककॉल आलावता,” तो म्हणाला. “ढाण्याला धाडून द्या म्हणलेत. पुढल्या म्हैन्यात. इमानानं. सुताराकडनं पेटी करून घ्याया सांगितलीया, अन् जनावरांच्या डाक्टरचा दाखला.” मी विचारलं, “विमानात कुत्री घेतात?” “घेतात म्हणं. पेटीत.” आणखी काही निरोप असेल म्हणून मी वाट पाहिली. ढाण्या आमच्या दोघांच्या मधे उंबऱ्यावर पसरून माशा मारत होता. निरोप तेवढाच होता. “चहा घेणार का?” मी म्हणाले.

तो चहा पिऊन गेला आणि मी त्याची कपबशी विसळायची सोडून तशीच हातात धरून बसले. दीड वर्ष होऊन गेलं होतं त्यांना दिल्लीला जाऊन. जाताना म्हणाले होते, तिकडची हवा तुला मानवायची नाही. हवा. मी कळसच्या माळावर चैताच्या उन्हात भुईमूग वेचलेली बाई, मला हवा मानवायची नाही. आणि कुत्र्याला मानवणार होती. मला त्या माणसानं कधी एस्टीनं पुण्याला नेलं नाही. सारसबागेचा गणपती मी अजून पाहिलेला नाही. कुत्रं मात्र ढगातून जाणार. मला हसू यायला लागलं आणि मग ते थांबेना, इतकं की शेजारची सिंधुबाई हातातलं सूप घेऊन दारात आली. तिला सगळं सांगितलं. सिंधुबाईचा नवरा मार्केटात हमाल, तिची जीभ त्याच्या पाठीपेक्षा मजबूत. ती म्हणाली, “आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, ती ही गत. काच कुटून घाल की भाकरीत. जाऊ दे इमानानं वर. पार वर.”

खोटं कशाला बोलू, मी त्यावर रात्रभर विचार केला. ढाण्या कारवानी जातीचा. पोट पाठीला लागलेलं, पाय काडीसारखे लांब, रंग वाळल्या गवताचा. माळावर ससा उठला की हा नुसता दिसायचा बंद व्हायचा, आणि मग लांब धुरळ्यात तोंडात ससा घेऊन उभा. यजमानांना त्याचा अभिमान फार. दिल्लीत म्हणे मोठमोठ्या लोकांच्या बंगल्यांवर असली कुत्री ठेवायची टूम निघाली होती, संस्थानिकांच्या वाड्यावरची जात म्हणून. तिथं चारचौघांत यांनी फुशारकी मारली असणार, माझ्याकडं आहे. कुत्रा ‘माझ्याकडं आहे’ म्हणून सांगण्याजोगा होता. बरं, कुत्र्यावर माझा तरी कुठं जीव होता? भाकरी मी घालायची, हाक ते मारायचे. भाकरी खाऊन तो त्यांच्या पायाशी जाऊन बसायचा. मारला असता तर दोन दिवस त्यांना वाईट वाटलं असतं, आणि त्या दोन दिवसांत दिल्लीतल्या तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला असता. म्हणजे काच मी कुटायची आणि लाड तिनं करायचे. असला आतबट्ट्याचा सूड मला नको होता. मला असं काहीतरी हवं होतं, की जे त्यांच्या घरात रोज सकाळी उठेल.

ती म्हणजे लीला. कारखान्याच्या डॉक्टरांची मुलगी, पुण्याला कॉलेजात शिकलेली, आता दिल्लीला यांची सेक्रेटरी. लोकांना सांगायला सेक्रेटरी. लग्न लावलं असतं तर कायद्यानं हातात बेड्या पडल्या असत्या, म्हणून एका बंगल्यात दोन खोल्या. तिचं नोकरीला असणं, तिचं बिनबाह्यांचं पोलकं, तिचं इंग्रजी, यातलं काही मला डाचत नव्हतं. त्या गोष्टी मला नव्हत्याच, तर डाचणार काय. डाचत होती ती एक हाक. कारखान्याच्या क्लबात दिवाळीचा फराळ होता. मी ताटात चिवडा घेऊन बायकांच्या बाजूला उभी होते. पलीकडं जाळी बांधून ते रॅकेटनं पिसांच्या फुलाचा खेळ खेळत होते, आणि ही पोरगी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, सगळ्यांदेखत म्हणाली, “हिंदुराव, जरा इकडे या ना.” माझ्या हातातलं ताट वाकडं झालं. माझ्या नवऱ्याचं नाव. माझं बोट लागेल म्हणून मी जे दहा वर्षं उतरंडीच्या तळच्या मडक्यात झाकून ठेवलं होतं, ते हिनं शेंगदाण्यासारखं तोंडात टाकलं. आणि हिंदुराव धावत गेले. चालत नाही, धावत. तोंडावर असलं हसू की ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. लग्नात उखाण्यात घेतात ते धरायचं नाही, ते पाठ केलेलं असतं. माझ्या आईनं, द्वारकाबाईनं, मला लग्नाआधी तुळशीपाशी बसवून सांगितलं होतं, की नाव घेतलं की तेवढं त्याचं आयुष्य कमी होतं. तोंडातून गेलेलं नाव म्हणजे त्याच्या दिव्यातलं तेल. रेशनिंग होतं तेव्हा दुकानदार विचारायचा, मालकाचं नाव? मी मान खाली घालायची आणि सिंधुबाई माझ्या वतीनं खणखणीत सांगायची. दवाखान्यात नर्सबाईला तिनंच सांगितलं. ती बरोबर नसली तर मी पुढचं काम टाकून घरी यायची. एकदा, फक्त एकदा, त्यांनी स्वतःच मागितलं होतं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष, निमगावात, घरच्या पानमळ्यात. पानमळ्यात बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत ओल असते, हिरवा अंधार, शेवरीवर चढलेले वेल, आणि पानांचा तो तिखटसर वास. ते पानं खुडत होते. मजूर जेवायला गेले होते. ते हळूच म्हणाले, “हितं कोण हाय? घे ना माझं नाव एकदा. मला ऐकायचंय.” मी तोंडात पदर कोंबला. “घे की गं.” मी नुसती मान हलवली, हसले, आणि वेलाआड पळाले. त्यांचं आयुष्य वाढावं म्हणून पळाले हो. त्या दुपारी मी त्यांना एक दिवस जास्तीचा दिला, आणि असल्याच वाढीव दिवसांत त्यांनी दुसरीकडून ते ऐकून घेतलं.

पहाटे कधीतरी मी उठून बसले. ढाण्या खाटेखाली घोरत होता. त्याला दिल्लीला जायला महिना होता. महिनाभर भाकरी माझ्या हातची होती. मला एकदम सगळं समोर दिसलं, भरल्या ताटासारखं: तो बंगला, ते पाहुणे, ती लीला, आणि तिची ती हाक. आणि त्या हाकेला धावत येणारा कोण.

सकाळी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. भाकरीवर साय घातली, ताटली हातात धरली आणि नाव घ्यायला तोंड उघडलं, तर जीभ टाळूला चिकटली. आई आठवली, दिव्यातलं तेल आठवलं. मग मी स्वतःशीच म्हणाले, आयुष्य कमी होतं ना? होऊ दे की. आणि घेतलं. “हिंदुराव.” किती सोपं होतं. छताला तडा गेला नाही, चूल विझली नाही. ढाण्यानं नुसता एक कान हलवला. मी परत परत म्हणाले. एका हाकेला एक दिवस जात असेल, तर त्या सकाळी मी त्यांचा पावसाळा खाल्ला. त्या दिवसापासून मनातल्या मनात मी त्यांना अरेतुरे करायला लागले, ते माझं मलाही जरा उशिरानं समजलं. तो तिकडं दिल्लीत दाढी करत असेल, सूट चढवत असेल, आणि इथं बारामतीत मी त्याचं आयुष्य भाकरीच्या तुकड्यागणिक कुत्र्याला घालत होते.

पण कुत्रा येईना. चार दिवस झाले, आठ झाले. ‘ढाण्या’ म्हटलं की उडी मारून येई आणि ते नाव घेतलं की कान पाडून खाटेखाली जाई. मी ओरडून पाहिलं, उपाशी ठेवून पाहिलं. भिंतीपलीकडून सिंधुबाईला सगळं ऐकू जात होतं. ती आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला वाटलं मला खूळ लागलं. मी सांगितल्यावर ती इतकी हसली की खाली बसली. मग डोळे पुसून म्हणाली, “अगं पण अशी दात खाऊन हाक मारल्यावर कोण ईल? कुत्रं बी येत न्हाय अन् नवरा बी येत न्हाय. गोड बोलाया लागतं त्याला.” गोड. गोड कुठून आणू? माझ्याकडं त्या नावापुरतं जे काय होतं ते कडू जहर होतं. सगळं घर हुडकलं तरी मूठभर गोड सापडलं नसतं. मग नाइलाजानं मी पानमळ्यात गेले. डोळे मिटले, ती ओल, तो हिरवा अंधार, हितं कोण हाय म्हणणारा तो पंचवीस वर्षांचा माणूस, त्याच्या बोटांना लागलेला पानाचा चीक. तेव्हा गिळलेलं सगळं वर काढलं आणि म्हणाले, “हिंदुराव.” माझाच आवाज मला ओळखू आला नाही. खाटेखालून ढाण्या सरपटत बाहेर आला, उठला, आला, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी त्याला भाकरी घातली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी त्याला शिव्या देत होते, कुत्र्याला नव्हे.

मग उरलेला महिना तेच. सकाळ, दुपार, संध्याकाळ. ढाण्या म्हटलं की काही नाही; हिंदुराव म्हटलं की साय, मटणाचं हाड, मानेखाली खाजवणं. अंगणातून, परसातून, कऱ्हेच्या काठानं. आधी घराबाहेर हळू हाक मारायची, मग मोठ्यानं मारायला लागले. बायका पदर तोंडाला लावायच्या. एक म्हातारी म्हणाली, “नवऱ्याचं नाव कुत्र्याला? पाप लागंल गं.” मी म्हणाले, “कुणाला?” ती निघून गेली. शेवटीशेवटी तर तो पलीकडच्या गल्लीत पोरांत खेळत असला आणि मी नुसतं ओठांतल्या ओठांत म्हटलं तरी यायचा. धावत. तोंडावर तेच हसू घेऊन. कुत्र्याला हसता येतं हे ज्याला माहीत नाही त्यानं कुत्रं पाळलेलं नसतं. आणि इथंच माझी पंचाईत व्हायला लागली. इतक्या वर्षांत त्या नावानं हाक मारल्यावर माझ्याकडं धावत येणारं कुणी असावं याची मला सवय नव्हती. रात्री तो पायाशी झोपायचा तेव्हा मला वाटायचं, नको पाठवायला. मग मी उठून बसायची आणि क्लबातलं ते वाकडं झालेलं ताट आठवायची. नीट आठवायची, एकेक दाणा.

जायच्या दिवशी म्हस्कू जीप घेऊन आला. सुतारानं पट्ट्यांची पेटी चांगली केली होती, एका बाजूला पाण्याचा डबा ठोकलेला. तिच्यात मी माझं जुनं हिरवं लुगडं अंथरलं. म्हस्कू म्हणाला, “तुमी कशाला तरास घेता वयनी, मी घालून येतो की.” मी म्हणाले, “मला विमान बघायचंय.” ते त्याला पटलं. कऱ्हाटी मागं पडली, मोरगाव, जेजुरीचा डोंगर, दिवेघाट, आणि ढाण्या सगळा रस्ताभर माझ्या मांडीवर डोकं ठेवून, नाक वाऱ्यात धरून. लोहगावच्या मैदानावर विमान उभं होतं. मला वाटलं होतं फार मोठं असेल. पत्र्याचं होतं, आणि पोटाला तेलाचे ओघळ होते. कचेरीत टाय बांधलेला एक तरुण कारकून बसला होता. त्यानं डॉक्टरचा दाखला पाहिला, पेटीभोवती फिरला, काळ्या रंगाचा ब्रश घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, “मुंबईला विमान बदलायचंय. पेटीवर नाव घालावं लागतं. कुत्र्याचं नाव?”

म्हस्कूनं तोंड उघडलं. त्याच्या आधी मी म्हणाले, “हिंदुराव.”

म्हस्कूचं तोंड उघडंच राहिलं. पेटीजवळ बांधलेला ढाण्या उठून उभा राहिला. कारकुनानं ब्रशनं लिहिलं, जाड, काळं. “आणि दिल्लीला उतरवून घेणारे?”

“हिंदुराव.”

“बाई, मी माणसाचं विचारतोय.”

“मी पण माणसाचंच सांगते. हिंदुराव राऊत. कुत्र्याला आडनाव नाही, तेवढा फरक आहे.”

कारकुनानं पहिल्यांदा वर पाहिलं. “तुमचे कोण हे?” मी म्हणाले, “कुठले?” तो परत खाली बघून लिहायला लागला, पण त्याचे कान लाल झाले होते. सिंधुबाई बरोबर नव्हती. दुकानात, दवाखान्यात, सगळीकडं माझं तोंड झालेली ती बाई आज बारामतीत धुणं धूत होती, आणि मी परक्या गावात, टायवाल्या परपुरुषासमोर नवऱ्याचं नाव दोनदा घेतलं होतं. मला उभ्या उभ्या ताप चढल्यासारखं झालं. म्हस्कू हळूच म्हणाला, “वयनी, ह्ये काय केलंसा?”

ढाण्याला पेटीत घातलं तोवर सगळं ठीक होतं. मग विमानाचे पंखे फिरायला लागले. त्या आवाजानं माझ्या छातीतली हाडं वाजली. आणि पेटीत तो जो ओरडायला लागला, तसं ओरडणारं कुत्रं मी कधी ऐकलं नव्हतं. फळ्यांवर नखं, दात, पाण्याचा डबा उखडून उपडा झालेला, आणि पट्ट्यांच्या फटीतून एक डोळा मला हुडकत होता. हमाल म्हणाले, असं असलं तर नेता येणार नाही, पेटी फोडील. म्हस्कू म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, घरी नेऊ.” माझ्या ओठांवर आलं होतं, हो, चला घरी. त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं माझं? माझ्या सगळ्या जन्मात हाकेसरशी आलेला तो एकटा जीव होता, आणि त्याला मी ढगात फेकत होते, का, तर एका बाईच्या तोंडातला एक शब्द काढून घ्यायला. पण मी मागं वळले असते तर तो शब्द तिच्याच तोंडात राहिला असता. मी पेटीपाशी गुडघे टेकले, फटीला तोंड लावलं आणि पंख्यांच्या त्या आवाजात, सगळ्या हमालांदेखत, पानमळ्यातल्या आवाजात म्हणाले, “हिंदुराव. हिंदुराव. जा बाळा.” ओरडणं थांबलं. आतून फळीवर शेपटीचे ठोके यायला लागले. हमालांनी पेटी उचलली. विमान पार चिलटाएवढं होईपर्यंत मी बघत होते. परत येताना जीपमध्ये माझी मांडी रस्ताभर हलकी हलकी लागत राहिली.

पुढं काही समजलं नाही. उन्हाळा गेला, पाऊस झाला. दिल्लीहून मला कधीच काही यायचं नाही, ते तेव्हाही आलं नाही. कुत्रा पोचला की मधेच मेला, माझं शिकवणं त्याच्या डोक्यात राहिलं की त्या आवाजात सांडून गेलं, काही समजायला मार्ग नाही; आणि मी मात्र रोज दोन माणसांचं पीठ मळायची. दिवाळीच्या पुढं एकदा मोहनराव आले, माझे धाकटे दीर. शेतकऱ्यांचा जथा दिल्लीला शेतीचं प्रदर्शन बघायला गेला होता, त्यात ते निमगावातून गेले होते, आणि चार दिवस भावाच्या बंगल्यावर राहिले होते. खाटेवर टेकले, टोपी काढली, टोपीकडं बघत बसले. सांगू की नको असं त्यांचं चाललं होतं. सिंधुबाई लगेच हजर.

“वयनी, तुमच्या त्या ढाण्याला काय झालंय?” ते शेवटी म्हणाले. “तिकडं त्याला ढाण्या म्हणलं तर वळून बी बघत न्हाय. पहिल्याच दिवशी बंगल्यावर पार्टी व्हती म्हणं. मोठमोठी मंडळी. बाईंनी लांबनं हाक मारली, हिंदुराव, पावण्यांना सरबत द्या. तर ह्यो पठ्ठ्या सगळ्यांच्या मधनं उडी मारून तिच्या रेशमी लुगड्यावर. दादा पुढं झाला, तवर कुत्रं पोचलंवतं. अन् एक पावणा म्हणला, यातला हिंदुराव कोण म्हणायचा? हसून हसून लोटपोट म्हणं सगळी.” सिंधुबाईनं पदराचा बोळा तोंडात घातला. “मग?” मी म्हणाले. “मग काय. दादानं लई उपाय केले. दुसरं नाव ठेवलं, पट्ट्यानं बडवलं. दोन दिस अन्नाला शिवलं न्हाय ते. शेवटी बाईच आडवी पडली, मारू नका म्हणली. कुत्र्यानं नाव सोडलं न्हाय, मग दादालाच सोडावं लागलं. कचेरीतली लोकं आता राऊतसाब म्हणत्यात.”

“आणि ती?”

“ती व्हय?” मोहनराव टोपी घालत म्हणाले. “ती कुत्र्याला हिंदुराव म्हणती. दादाला अहो म्हणती.”

अहो. त्या पुण्याच्या कॉलेजातल्या, बिनबाह्यांच्या, फुलाचा खेळ खेळणाऱ्या पोरीला मी दिल्लीला घरबसल्या ‘अहो’ म्हणायला लावलं होतं. हसावं का काय करावं समजेना. अंगातून काहीतरी गरम गरम वर चढत होतं, आणि ते सुख होतं, निव्वळ सुख. आजवर मला मिळालेल्या कुठल्याच सुखापेक्षा ते कमी नव्हतं. मोहनराव माझ्याकडं बघत होते. “वयनी,” ते हळूच म्हणाले, “त्या मुक्या जनावराला ह्ये शिकिवलं कुणी?”

“चहा घेणार का?” मी म्हणाले.

ते चहा पिऊन शेवटच्या एस्टीनं गेले. सिंधुबाई आणखी थोडा वेळ हसत बसली आणि तीही गेली. दिवेलागण झाली होती. मी भाकऱ्या थापल्या, सवयीनं एक जास्तच झाली. तिच्यावर साय घातली, ताटली घेऊन दारात आले आणि हाक मारली. दात खाऊन नाही, गोड. “हिंदुराव.” गल्लीत कुणी नव्हतं. पलीकडच्या वळणावर कुणाचं तरी कुत्रं उठलं, माझ्याकडं बघून परत बसलं. मी थोडा वेळ उभी राहिले. मग उंबऱ्यावर बसून ती भाकरी मीच खाल्ली, सायीसकट.